जुन्या लव्हेंडरचं विरजण

६ ऑगस्ट १९५७

तेरावा उरकला. पाहुणे गेले, शेजारच्यांची पातेली परत गेली, आता घरात आम्ही तिघं: आई, साळूवहिनी आणि मी. मुंबईहून फ्लूची साथ आली, तिने वाडीतले खोकणारे म्हातारे जागच्या जागी ठेवले आणि आमच्या हैबतीदादाला नेलं. उधळलेल्या बैलाची शिंगं धरून त्याला थांबवणारा माणूस, तापात चार दिवसांत गेला. नदीला पूर होता, महाडला न्यायची सोय नव्हती. बोलायचं ते सगळं मी दादाशी बोलत असे. आता या वहीशी बोलतो.

आजची गोष्ट म्हशीची. चंद्री पाऊस सुरू होताना व्याली आणि आठवड्यात तिचं रेडकू मेलं. तेव्हापासून ती फक्त दादाच्या हाताला पान्हवत होती. तो पडला तसं तिने दूध चोरायला सुरुवात केली. पाय बांधून, शिव्या घालून आम्ही रोज जेमतेम तांब्याभर काढत होतो. आज सकाळी तिने वहिनीच्या हातातली दुधाची कासंडी उडवली. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "मालू, त्याचा सदरा घाल आनि तू बस."

दादाचा खाकी सदरा घातला. चंद्रीने हुंगलं आणि शेपटी माझ्या तोंडावर मारली.

"नुस्त्या सदऱ्याला काय वळखंल ती? त्याचा वास लाव की रे!"

दादाचा वास म्हणजे कोनाड्यातली लव्हेंडरची बाटली. तो लावायचा तसा मी हातावर घेतला, मानेला चोळला, छातीवर दोन बोटं फिरवली आणि गोठ्यात गेलो. चंद्रीने मान वळवली. माझ्या बगलेत नाक घालून ती बराच वेळ उभी राहिली. मग सडाला हात लावला तर पान्हा सुटला. कासंडी भरली, फेस वर आला. तिच्या पोटाला कपाळ टेकून मी लहान पोरासारखा रडलो. ती हलली नाही.

दुपारी कुशाबा निघाला. हा वहिनीचा थोरला भाऊ, शिवथरचा. निघताना सगळ्यांसमोर आईला म्हणाला, "पोर नाय, बाळ नाय. ती हितं कोनासाठी ऱ्हायाची? घेऊन जातो. आपल्यात पाट लागतो, दुसरं घर बघू."

वहिनी चुलीपाशी होती. तिथूनच बोलली, "म्हस दूध देती तवर मी हलायची नाय. म्हातारीच्यानं गोठा व्हनार नाय."

"आनि आटली मंग?"

"आटली की ये."

कुशाबा शब्दाचा पक्का माणूस आहे, तो येणार. तेव्हा वहिनी या घरात राहते की जाते हे आता चंद्रीच्या कासेवर आहे, आणि चंद्रीची कास कोनाड्यातल्या बाटलीवर. वहिनी गेली तर हे घर म्हणजे एक म्हातारी आणि एक मास्तर.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन झालं, खडीसाखर वाटली. घरी येऊन बाटली नीट पाहिली.

'सरदार लव्हेंडर'. हिरवं लेबल, त्यावर पिळदार मिशांचा फेटेवाला. दादा मुंबईत एका पारशी वकिलाच्या ऑफिसात पट्टेवाला होता. वकीलसाहेब तळाशी राहिलेल्या बाटल्या त्याला द्यायचे, त्यातून ही चटक लागली. नोकरी सोडून शेतीला आला तरी ती सुटली नाही. अंघोळ करून लव्हेंडर लावून हा माणूस नांगर धरायचा. वाडी हसायची. "हैबती, ढेकळांचं लगीन हाय का रे?" दादा म्हणायचा, "जळा लेको." आमचा चुलतभाऊ रावजी मुंबईला असतो, तो येताना बाटली आणायचा.

गेले काही दिवस रोज लावतोय म्हणून मला तो वास आता पाठ झाला आहे. लावल्या लावल्या नाकात जातो, ईडलिंबाचं पान चुरगळल्यासारखा. तो थोड्या वेळात विझतो. मग वाळलेल्या गवताचा येतो, भाद्रपद संपल्यावर माळावर येतो तसा. खरी गंमत दुपारनंतर. शाळा सुटते तेव्हा सदऱ्याच्या कॉलरला मसाल्याच्या डब्यातल्या दगडफुलाचा वास असतो, ओलसर, झाडाच्या सालीसारखा. त्यात घाम मिसळला की झाला दादा. लहानपणी यात्रेहून येताना मी त्याच्या खांद्यावर झोपायचो. तेव्हा तो लव्हेंडर लावत नव्हता, तरी मला वाटतं की तेव्हाही त्याला हाच वास यायचा.

माझ्या घामात तो तसा होत नाही. पण चंद्री चालवून घेते.

२ सप्टेंबर

दूध छान चाललं आहे. पोलादपूरच्या हॉटेलवाल्याकडे जातं, उरलेल्याचं वहिनी लोणी काढते. आईच्या गालावर थोडं मांस आलं आहे.

एक गोष्ट लिहू की नको, असं करत होतो. धार काढायला बसलो की वहिनी गोठ्याच्या दारात येऊन उभी राहते. आधी वाटलं, मी दूध सांडतो म्हणून पहारा करते. पण ती काही बोलत नाही. दाराच्या खांबाला टेकून उभी असते. मी वळून पाहिलं की पदर सारखा करून निघून जाते, म्हणून मी आता वळत नाही. कासंडी भरली तरी थोडा वेळ उगाच सड ओढत बसतो.

गेले आठ दिवस मी रोज दाढी करतो. आई म्हणाली, "साहेब येनार हाय का शाळेत?" मी म्हटलं, मास्तराने स्वच्छ राहावं.

२९ सप्टेंबर

बाटली फार भराभर उतरते आहे. मी लावतो तो हिशेबाने लावतो. बूच घट्ट आहे, उडून जाण्यासारखं काही नाही. आज आईवर चिडलो. आई म्हणाली, "मी म्हातारी लव्हेंडर लावून कोनाला दाखवू रे मेल्या?" हसू आलं, पण तिची माफी मागितली नाही. वहिनी तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. माझ्या ओरडण्याचा तिला त्रास होतो.

तिचं हल्ली लक्ष नसतं. ऊन पडलं म्हणून तिने सगळ्या गोधड्या बाहेर काढल्या, स्वतःची तेवढी राहिली. मी आणायला गेलो तर धावत आली, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावोजी, ती काय वल्ली नाय." दादा असता तर अशी विसरभोळी झाली नसती.

रावजीला पत्र टाकलं: दिवाळीला येशील तेव्हा सरदार लव्हेंडर आणणे, विसरू नये.

८ ऑक्टोबर

रशियाने आकाशात चंद्र सोडला असं वर्तमानपत्रात आलं आहे. मुलांना सांगितलं. एकाने विचारलं, "मास्तर, आमुशेला बी दिसंल काय?" मी त्याला फळा पुसायला लावला.

दारात आज ती जास्त वेळ उभी होती.

२४ ऑक्टोबर

रावजी काल संध्याकाळच्या एस.टी.ने पोलादपूरला उतरला आणि चालत वर आला. अंगात बुशशर्ट, तोंडात हिंदी. बाटली आणली. तेच हिरवं लेबल, तोच फेटेवाला. मला इतका आनंद झाला की मी त्याला मिठी मारली.

"अरे हो, पन एक बात हाय," रावजी म्हणाला. "दुकानवाला बोलला, माल बदली झालाय. गव्हर्मेंटनं फॉरेनचा माल बंद केला ना, ती तेलं यायची ती यायची बंद झाली. आता कंपनी हितलाच माल घालून बनवते. नाव तेच, बाटली तीच. कोनाला पत्ता पन नाय लागत."

ओट्यावर बसून मी एका मनगटाला जुना लावला, एकाला नवा. रावजीने दोन्ही हुंगले. "सेम टू सेम!" मीही म्हटलं, हो, तोच आहे. मला तो तोच हवा होता. पहिल्या झटक्याला लिंबाचा झणका आहे, जरा जास्तच आहे, पेपरमिंटच्या गोळीसारखा. म्हटलं, ताजा असेल म्हणून.

मग गप्पा मारत बसलो. वहिनी चकल्या घेऊन आली. मी दोन्ही हात पुढे केले, "वहिनी, बघा बरं, ओळखा." तिने ताट खाली ठेवलं. आधी डावा हुंगला आणि डोळे मिटून तशीच राहिली. उजवा हुंगला आणि लगेच सोडला. तोपर्यंत उजव्या हाताला गोडसर काहीतरी उरलं होतं, अंगाच्या साबणासारखं. गवत आलंच नाही. दगडफुलाची तर मी झोपेपर्यंत वाट पाहिली.

"बरा हाय नवा बी," वहिनी म्हणाली आणि आत गेली.

आज सकाळी नवा लावून बसलो. चंद्रीने बगलेत नाक घातलं, फुस्स करून बाहेर काढलं, आणि मागच्या पायाने कासंडीला आणि मला दोघांनाही भिंतीशी नेलं. रावजी पोट धरून हसला. "मास्तर, म्हशीला फॉरेनचाच माल पायजे!"

बदलाचा कुणाला पत्ता लागत नाही म्हणे कंपनीच्या. त्यांनी एकदा आमच्या गोठ्यात यावं.

६ नोव्हेंबर

जुना आता बोटभर उरला आहे. मी काडीने घेतो, कॉलरला टेकवतो, तेवढ्यावर चंद्री मुकाट उभी राहते. बाटलीचा तळ दिसायला लागल्यापासून आई सारखी माझ्याकडे बघते.

आज वहिनी पाण्याला गेली तेव्हा आई म्हणाली, "मालू, एक बोलू? म्हस काय, आज हाय उद्या आटंल. त्या परीस तूच पाट लाव तिच्याशी. धाकल्या दिराशी लागतो. घरची पोर घरात ऱ्हाईल, कुशाबाचं तोंड बंद."

मी म्हटलं, "काहीतरीच काय आई, दादाला जाऊन वर्ष नाही झालं." आणि छडी शोधायला लागलो. आज शाळेला सुट्टी होती. मी नाही म्हणालो नाही, हे मला नंतर कळलं.

दादा, तू वाचत असशील तर रागावू नकोस. मी तुझी बायको मागत नाही. ती दारात उभी असते तेवढा वेळ मला बरं वाटतं, एवढंच आहे. आणि मला असंही वाटतं की तिलाही वाटतं.

२० नोव्हेंबर

आज जे केलं ते शाळेत कुणाला सांगण्यासारखं नाही.

जुन्याचे शेवटचे चार थेंब राहिले. आई ताक करत होती. म्हणाली, "सगळं संपवू नको रे. तेवढं विरजन ठेव."

"कसलं विरजण?"

"नव्या बाटलीत जुनं घाल. चमचाभर दह्यानं हंडाभर दूध दही व्हतं का नाय? जुनं असंल नव्याच्या अंगात तर नवं त्याच्या वळनावर जाईल."

मी हसलो. चौथीच्या मुलांना मी द्रव, वायू, स्थायू शिकवतो. लव्हेंडर म्हणजे दूध नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण दिवसभर तेच डोक्यात. मुंबईच्या कंपनीने गवत कुठून काढलं होतं, दगडफूल कुठून आणलं होतं, मला काय माहीत? आई शाळेत गेली नाही, पण आजवर तिचं दही कधी फसलं नाही. दुसरा उपाय मला सुचत नव्हता, हे खरं कारण.

संध्याकाळी नव्या बाटलीतलं थोडं ओतून जागा केली. जुनी बाटली उपडी धरून शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबलो. आत थोडं नवं घालून खळखळवलं, तेही त्यात ओतलं. तळाशी काही उरायला नको. मग बाटली फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवली, दह्यासारखी. वहिनी न्हाणीत होती. म्हटलं, सकाळी तिला एकदम दाखवू.

जुनी बाटली रिकामी होती. रॉकेलच्या चिमणीला चांगली म्हणून गरम पाणी आणि राखेने स्वच्छ केली.

२१ नोव्हेंबर

उठल्या उठल्या हुंगली. क्षणभर वाटलं, लागलं विरजण! गवत आल्यासारखं वाटलं. मानेला, छातीला, भरपूर लावलं.

चंद्रीने नाकही घातलं नाही. मी बसायच्या आधीच वळली. मनगटाला लाथ बसली आहे, हात सुजला आहे, हे डाव्या हाताने लिहितो म्हणून अक्षर असं.

वहिनी दारात आली होती. आज मी वळून पाहिलं. तिने नाक वर करून श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग माझ्याकडे पाहिलं, गोठ्यात कुणी परका शिरल्यासारखं पाहिलं, आणि आत गेली. दूध सांडलं म्हणून असेल.

१५ डिसेंबर

त्यानंतर ती दारात आली नाही.

गेला महिना मी वेड्यासारखा वागतो आहे. दगडफूल आणि वाळलं गवत खोबरेल तेलात उकळून सदऱ्याला चोळलं. अंगाला सांबाराचा वास आला. चंद्रीने सदऱ्याची बाही चाटली, पण दूध चोरलंच. मग ईडलिंबाची पानं, मग दादाची तंबाखूची चंची. मग नुसता दादाचं नाव घेऊन बसलो.

काल महाडच्या बाजाराला गेलो. सगळी स्टेशनरीची दुकानं पालथी घातली, जुना माल आहे का, दिवाळीच्या आधीचा. दुकानदार बाटली पुढे करायचे, मी बूच काढून हुंगायचो आणि परत द्यायचो. "मास्तर, घ्यायची असेल तर घ्या, नाक काय लावता?" अत्तरवाल्याने मला खस चिकटवलं. शेवटी चवदार तळ्याच्या रस्त्यावरच्या एका सलूनमध्ये आरशाखाली जुनी, लेबल पिवळं पडलेली बाटली दिसली. मी लगेच हात पुढे केला. कारागीर म्हणाला, "बाटली जुनी हाय, पन आत नवाच भरतो. गिऱ्हाइकाला काय, लेबल दिसलं की झालं." मी तिथे दाढी करून घेतली, कारण काहीतरी केलंच पाहिजे होतं. त्याने तो माझ्या गालाला लावला. पोलादपूर येईपर्यंत गाल साबणासारखा झाला होता.

गावातून वर येताना खस ओढ्यात टाकून दिलं.

१६ जानेवारी १९५८

चंद्री आटली. कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबते आहे. रवी खुंटीला लावली आहे. तिच्या दोरीवर आता कोळी आहे.

संक्रांतीला कुशाबा तिळगूळ घेऊन आला आणि गोठ्यात डोकावून आला.  जेवल्यावर म्हणाला, "आटली जनू." घाटमाथ्याला एक बिजवर आहे, दोन पोरं आहेत, बरं घर आहे, शिमग्याच्या आत पाट लावून टाकू, म्हणाला. वहिनी वाढत होती. आटली की ये, हा शब्द तिनेच दिला होता.

कुशाबा गेल्यावर मी ठरवलं, विचारायचं. दादाचा सदरा दूध, शेण, घाम लागून कळकट झाला होता. तो घालून कोण विचारणार? ओढ्यावर नेऊन साबणाने दोनदा धुतला, कॉलर घासून घासून काढली. तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. नवं लव्हेंडर लावलं. आरशात पाहिलं तर मी दादासारखा दिसत होतो. खरंच दिसत होतो.

पण माझं तोंड उघडेना. शेवटी आईनेच विचारलं. मी पडवीत उभा राहून ऐकलं.

"भावोजी लई चांगलं हायत," वहिनी म्हणाली. ताटं उचलल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सकाळच्या पारी ते धार काडायला बसायचे, माज्याकडं पाठ असायची, तवा बरं वाटायचं, आत्या. पन सगळा दिस काय मानूस पाठ करून बसंल?"

मी पडवीतून अंगणात उतरलो.  पाठ असायची तेव्हा बरं वाटायचं, म्हणजे माझं तोंड तिला बघवत नाही. एवढं वाईट आहे का माझं तोंड?

९ फेब्रुवारी

आज गेली.

कुशाबा सकाळी आला. वहिनीने घर सारवलं, पाणी भरलं, चंद्रीला आंबोण घातलं. चंद्रीने तिचा हात चाटला. आईच्या गळ्यात पडून दोघी रडल्या. आई म्हणत होती, "गो माजे बाय, गो माजे बाय." मी बोचकं घेऊन अंगणात उभा होतो.

वहिनी माझ्याजवळ आली. इतक्या जवळ ती कधी उभी राहिली नव्हती. हळूच म्हणाली, "भावोजी, एक मागू? जुन्या बाटलीच्या तळाला थोडं असंल. थेंबभर. तेवढं न्यू का?"

मी बोचकं खाली ठेवलं.

"माज्या गोधडीतलं गेलं," ती म्हणाली. "मीच लावायची गोधडीला. तुमी वरडलात तवा सांगायला पायजे व्हतं. म्हशीचं चोरलं मी. पन आता गोधडीला नुस्ता धूर येतो."

मी सांगितलं. विरजण लावलं म्हणून सांगितलं. बाटली राखेने धुतली, आता तिची चिमणी आहे, तेही सांगितलं. सांगताना माझा आवाज मलाच शाळेतल्या पोरासारखा वाटत होता. ती ऐकत होती आणि हळूहळू मान हलवत होती, हो, बरोबर आहे, अशी.

"मंग सदरा?"

सदरा माझ्या अंगात होता. धुतलेला, इस्त्रीचा. ती जाणार म्हणून मुद्दाम घातला होता. मी तिथेच अंगणात काढला आणि दिला. तिने कॉलर नाकाशी नेली. मग बाही, मग बगल. सगळीकडे शोधलं. कुशाबा बघत होता, तिला त्याची पर्वा नव्हती. मग तिने सदरा ओट्यावर पसरला, बाह्या आत घेऊन नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"ह्यात कोनी नाय, भावोजी," म्हणाली.

ती वळणाआड होईपर्यंत मी बनियनवर उभा होतो. ती दारात कुणासाठी उभी राहत होती ते मला तेव्हा कळलं. माझी पाठ तिला कुणाची वाटत होती तेही. मला दादाचा राग आला. आणि त्याच्यापेक्षा माझा जास्त आला, कारण दादा एकदाच गेला होता, आणि उरलासुरला मी घासून धुऊन काढला. तिच्यासाठी.

६ मार्च

शिमगा. होळी काल पेटली. वाडी मुंबईच्या माणसांनी भरली आहे. वहिनीचा पाट लागला असं कुशाबाचा निरोप आला. आईने ऐकलं आणि चंद्रीला पाणी दाखवायला गेली. आईला हल्ली माणसांपेक्षा म्हशीचं बरं वाटतं.

रावजीने न सांगता आणखी एक बाटली आणली. म्हणाला, "ठेव रे. आता सगळीकडं हाच चालतो. जुना कोनाला आठवतो बी नाय." मी रागाने घेतली आणि कोनाड्यात ठेवली.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. मी ती बाटली उघडली. लिंबाचा झणका आला, मग ते गोडसर, साबणाचं. आणि दादा आठवला. एकदम, समोर आल्यासारखा, सदऱ्याची बटणं लावत गोठ्याकडे जाणारा.

मी घाबरून बूच लावलं. डोळे मिटून जुना वास आठवायला बसलो. गवत, दगडफूल, ईडलिंबाचं पान, हे मीच या वहीत लिहिलं आहे, ते मला पाठ आहे. पण ते नुसते शब्द आहेत. मसाल्याचा डबा उघडून दगडफूल हुंगलं. आमटीची आठवण आली. पुन्हा बाटली उघडली, तर पुन्हा दादा. जो वास त्याने जन्मात कधी लावला नाही, त्या वासाचा दादा.

मानेला लावून गोठ्यात गेलो. चंद्री रवंथ करत होती. तिने माझ्याकडे मान वळवली, हुंगलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. या घरात आता खरा दादा फक्त तिच्याकडे आहे, आणि ती काही मला सांगू शकत नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. तिने तो शेपटीने झटकला.